क्लब कुणाचा? : उएल्वाच्या रेक्रेआतिवोची गोष्ट



यंदाच्या व्याख्यानासाठी मी फुटबॉल हा विषय सुचवला तेव्हा संयोजक खूश झाले. बार्सिलोना की रिअल माद्रिद, एवढंच काय ते विचारायचं बाकी होतं. मी म्हटलं, रेक्रेआतिवो दे उएल्वा. फोनवर पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग जपून विचारणा झाली, "हा कितव्या डिव्हिजनमध्ये खेळतो?" चौथ्या, मी म्हणालो. तरीही त्यांनी मला बोलावलं, त्याबद्दल आधी त्यांचे आभार मानतो.

हा स्पेनमधला सर्वांत जुना फुटबॉल क्लब. स्थापना २३ डिसेंबर १८८९. तिथे त्याला मानानं 'देकानो' म्हणतात, म्हणजे सगळ्यांत ज्येष्ठ. घरगुती नाव 'रेक्रे'. एवढ्या दीर्घ आयुष्यात स्पेनच्या पहिल्या श्रेणीत त्यानं काढलेले हंगाम मोजून पाच. मोठी ट्रॉफी एकही नाही. एवढ्या शिदोरीवर तासाभराचं व्याख्यान निभत नाही, हे मलाही कळतं. म्हणून मी गोल आणि ट्रॉफ्यांपेक्षा मालकीबद्दल जास्त बोलणार आहे. फुटबॉल क्लब नेमका कुणाच्या मालकीचा असतो? ज्यानं काढला त्याचा, ज्यानं शेअर विकत घेतले त्याचा, की दर रविवारी उन्हातान्हात जाऊन बसणाऱ्याचा? हा प्रश्न सगळीकडेच असतो. पण उएल्वा या गावानं तो जितका ताणून धरला तितका दुसऱ्या कुठल्या गावानं धरल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

गोष्टीची सुरुवात खाणीपासून करावी लागते.

उएल्वा हे स्पेनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं, पोर्तुगालच्या सीमेजवळचं बंदर. ओदिएल आणि तिंतो या दोन नद्या इथे समुद्राला मिळतात. तिंतोचं पाणी तांबडंलाल, आणि इतकं आम्लधर्मी की त्यात मासा जगत नाही. या नदीच्या वरच्या अंगाला तांब्याच्या आणि गंधकाच्या खाणी आहेत, रोमनांच्याही आधीपासूनच्या. १८७३ साली स्पेनमध्ये पहिलं प्रजासत्ताक आलं होतं आणि तिजोरीत खडखडाट होता. सरकारनं या खाणी लंडनच्या भांडवलदारांच्या एका गटाला विकून टाकल्या. गटाचा म्होरक्या ह्यू मॅथेसन, किंमत ३६ लाख पौंडांच्या वर. रिओ टिंटो हे नाव आज आपण ऑस्ट्रेलियातल्या लोखंडाच्या संदर्भात ऐकतो. जगभर पसरलेली ती कंपनी जन्मली ती या व्यवहारातून.

कंपनीनं खाणीपासून उएल्वाच्या बंदरापर्यंत ८० किलोमीटरहून लांब रेल्वे टाकली आणि ओदिएल नदीत एक धक्का बांधला. १८७६ मध्ये तो सुरू झाला. हा धक्का अजून उभा आहे. लाकूड आणि लोखंड यांचा सांगाडा वळण घेत नदीत शिरतो. भरलेले डबे वरच्या पातळीवरून उतारावर आपल्याच वजनानं घरंगळत पुढे येत, खाली लागलेल्या जहाजाच्या पोटात खनिज ओतत आणि रिकामे होऊन खालच्या पातळीवरून, पुन्हा उताराच्याच जोरावर, किनाऱ्याकडे परतत. कोळसा वाचवण्याची ही युक्ती पाहिली की कंपनीचा हिशेबी स्वभाव ध्यानात येतो. तिथे आता खनिज येत नाही. संध्याकाळी माणसं फिरायला येतात.

याच हिशेबी स्वभावाची दुसरी बाजू खाणीच्या गावात दिसत होती. खनिजातलं गंधक जाळून काढण्यासाठी उघड्यावर मोठमोठे ढीग रचून ते महिनोन्‌महिने धुमसत ठेवत. या ढिगांना 'तेलेरा' म्हणत. धूर खाली बसला की पिकं जळत, माणसांना श्वास घेणं मुश्कील होई, आणि ज्या दिवशी धुरामुळे काम बंद पडे त्या दिवसाची मजुरी कापली जाई. ४ फेब्रुवारी १८८८ रोजी खाणकामगार आणि आसपासचे शेतकरी, बायकामुलांसह, रिओतिंतोच्या नगरपालिकेसमोर जमले. मजुरांचा नेता माक्सिमिलियानो तोर्नेत हा क्यूबाहून आलेला अराज्यवादी. पण मोर्च्यात जमीनदारही होते, कारण धूर कुणाचं शेत ओळखून जात नव्हता. सैन्यानं जमावावर गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा तेरा मृतांचा. गावच्या आठवणीत हा आकडा शंभराच्या पुढे आहे. त्या भागात ते साल आजही 'गोळ्यांचं साल' म्हणूनच ओळखलं जातं.

या गोळीबाराला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत क्लब निघाला. क्लबच्या गौरवग्रंथांत या दोन तारखा सहसा एकमेकींच्या शेजारी येत नाहीत. मला त्या शेजारी ठेवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

क्लब काढण्यात पुढाकार विल्यम अलेक्झांडर मॅके यांचा. हे स्कॉटिश डॉक्टर, रिओ टिंटो कंपनीच्या नोकरीत. मोकळ्या हवेतल्या व्यायामावर त्यांची फार श्रद्धा. जागा होती उएल्वाचं हॉटेल कोलोन. १८८३ मध्ये उघडलेलं, बागा-कारंज्यांचं हे हॉटेल गावाच्या ऐपतीपेक्षा कितीतरी मोठं होतं. तिथल्या एका दालनात, ज्याला चॉकलेटचं दालन म्हणत, ही मंडळी जमली. पहिले अध्यक्ष चार्ल्स ॲडम. क्लबचं नाव इंग्रजीच, हुएल्वा रिक्रिएशन क्लब. क्रिकेट, टेनिस, फुटबॉल, सगळंच खेळायचं असं ठरलं. बैठकीत थोडे स्थानिक प्रतिष्ठितही होते. खाणीत उतरणारा एकही माणूस असण्याचं कारण नव्हतं.

म्हणजे क्लब कुणाचा, याचं १८८९ मधलं उत्तर सरळ आहे: कंपनीच्या साहेबांचा. करमणूकही त्यांची, आरोग्यही त्यांचं. तिकडे खाणीच्या गावात, रिओतिंतोत, साहेबांची बेया व्हिस्ता नावाची वेगळी वसाहत होती. इंग्लंडमधून उचलून आणल्यासारखी घरं, चर्च, क्लबहाउस. तिथेही फुटबॉल खेळला जाई, तोही उएल्वाच्या आधीपासून, आणि काही अभ्यासक त्या खेळालाच स्पॅनिश फुटबॉलचा आरंभ मानतात. पण तिथून क्लब म्हणून सलग काही टिकलं नाही. टिकलं ते बंदरावर, आणि याचं एक साधं कारण मला दिसतं. फुटबॉलला बावीस माणसं लागतात. टेनिस दोन साहेबांत उरकता येतं. बंदरावरच्या इंग्रजांना दर आठवड्याला बावीस जण जमवायचे म्हणजे खनिज भरायला थांबलेल्या जहाजांवरचे खलाशी धरून आणायचे, आणि तेही कमी पडले तर शेजारचे स्पॅनिश तरुण घ्यायचे. खेळाचीच गरज अशी होती की कुंपण पक्कं ठेवता येत नव्हतं.

पुरावा पहिल्याच सामन्यात सापडतो. तारीख ८ मार्च १८९०, जागा सेव्हियातलं ताब्लादाचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. यजमान सेव्हिया फुटबॉल क्लब. उएल्वाचा संघ आगगाडीनं गेला. सेव्हियाचा कप्तान ह्यू मॅकॉल, हाही स्कॉटिश, ओतशाळेतला इंजिनिअर. सेव्हियानं सामना २-० असा जिंकला. ठरलेल्या नियमांनुसार स्पेनमध्ये खेळला गेलेला पहिला नोंदलेला सामना म्हणून त्याकडे पाहतात. उएल्वाच्या अकरांमध्ये दुक्लोस आणि कोतो ही दोन नावं आहेत, आणि ती इंग्रजी नाहीत. आपल्याकडे मुंबईत रोव्हर्स कप याच सुमाराला, १८९१ मध्ये सुरू झाला. तो पलटणींनी आणला होता, आणि भारतीय संघानं तो पहिल्यांदा जिंकायला १९३७ साल उजाडावं लागलं. पलटणीकडे शिपाई भरपूर असतात. तिला बाहेरचा उजवा विंगर शोधत हिंडावं लागत नाही.

सेव्हियाचं नाव निघालंच आहे तर एक भांडण सांगून टाकतो. २०१२ मध्ये स्कॉटलंडच्या 'डंडी कुरिअर'चा १७ मार्च १८९० चा अंक उजेडात आला. त्यात बातमी होती की सेव्हियात राहणाऱ्या काही तरुण ब्रिटिशांनी आणि स्पॅनिशांनी फुटबॉल क्लब काढला आहे. त्यावरून सेव्हिया क्लबनं आपली स्थापना १९०५ वरून २५ जानेवारी १८९० वर नेली. तो दिवस रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीच्या जयंतीचा, म्हणजे स्कॉटिश मंडळी तशीही एकत्र येऊन पीत बसलेली असणार. आता उएल्वाची तारीख महिनाभर आधीचीच राहते, त्यामुळे देकानो हा मान हलत नाही. पण सेव्हियावाल्यांचं म्हणणं असं की तुमचा क्लब सगळ्याच खेळांचा होता, केवळ फुटबॉलसाठी निघालेला पहिला क्लब आमचा. पुण्यात पहिला सार्वजनिक गणपती कुणाचा यावर जसा अधूनमधून धुरळा उडतो, तसाच हा प्रकार आहे. दोन्ही बाजूंकडे कागद असतात आणि कुणीही मागे हटत नाही. मला विचाराल तर उएल्वाचं पारडं जड आहे. सेव्हियानं सात वेळा युरोपा लीगचा चषक जिंकला आहे, एवढी एक गोष्ट त्यांनी उएल्वाकडे राहू द्यायला हरकत नसावी.

१८९२ हे कोलंबसाच्या सफरीचं चारशेवं वर्ष. कोलंबस उएल्वाच्या समोरच्या पालोस बंदरातून निघाला होता, म्हणून इथे मोठा सोहळा झाला आणि त्यासाठी गावात सायकल शर्यतींचं मैदान, वेलोद्रोमो, बांधण्यात आलं. रेक्रे तिथे खेळू लागला, तो १९५७ पर्यंत. या साठ-पासष्ट वर्षांत क्लब गावाचा झाला. कधी झाला, याची तारीख सांगता येत नाही. हुएल्वा रिक्रिएशन क्लबचं रेक्रेआतिवो दे उएल्वा झालं, अध्यक्षांची नावं स्पॅनिश होत गेली, राजा तेराव्या आल्फोन्सोनं 'रेआल' ही पदवी दिली. १९०६ आणि १९०७ मध्ये संघ राजाच्या चषकासाठी माद्रिदला जाऊन आला. मॅके निवृत्त होऊन मायदेशी परतले. १९५४ मध्ये कंपनीनं खाणींमधला मोठा हिस्सा स्पॅनिश बँकांना विकला. साहेब गेले, त्यांनी काढलेला क्लब मागे राहिला. विकायच्या मालमत्तेच्या यादीत तो नव्हताच.

पुढचा काळ मी भरभर ओलांडतो, कारण तो बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीतल्या चढउतारांचा आहे आणि त्यात तुमचं मन रमणार नाही. माझंही फारसं रमत नाही. १९५७ मध्ये नवं स्टेडियम झालं, नाव कोलोम्बिनो. १९६५ पासून त्याच नावाची उन्हाळी स्पर्धा सुरू झाली. १९७८ मध्ये एउसेबिओ रिओस प्रशिक्षक असताना क्लब पहिल्या श्रेणीत चढला. स्पेनच्या सर्वांत जुन्या क्लबला तिथे पोचायला अठ्ठ्याऐंशी वर्षं लागली, आणि वर्षभरात तो खाली आला.

खरा वैभवाचा काळ या शतकातला. २००१ मध्ये एकवीस हजारांवर प्रेक्षक मावतील असं नुएवो कोलोम्बिनो उघडलं. २००२ मध्ये लुकास आल्काराझच्या हाताखाली संघ पुन्हा पहिल्या श्रेणीत गेला. त्या हंगामाचं चरित्रच विचित्र. लीगमध्ये अठरावा येऊन क्लब खाली घसरला, आणि त्याच महिन्यात राजाच्या चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला. २८ जून २००३, एल्चे शहर, समोर मायोर्का. पांदियानीनं पेनल्टीवर पहिला गोल केला, उरलेले दोन सॅम्युएल एटोनं. ३-०. पराभव स्वच्छ होता, रडायला जागा नव्हती. उएल्वातून हजारो माणसं तिथे गेली होती आणि गाताना दिसत होती. हरलेल्या आणि खालच्या श्रेणीत गेलेल्या संघाचे पाठीराखे गातात तेव्हा त्यांना निकालापलीकडचं काहीतरी साजरं करायचं असतं. साहेबांच्या हॉटेलात जन्मलेला क्लब देशाच्या राजासमोर खेळला होता.

२००६ मध्ये प्रशिक्षक मार्सेलिनोनं संघ दुसऱ्या श्रेणीचा विजेता करून पुन्हा वर आणला. हा मात्र खेळायला सुंदर संघ होता. मधल्या फळीत बावीस वर्षांचा सान्ती काझोर्ला, ज्याला पुढे तुम्ही आर्सेनलकडून पाहिलंत. पुढे नायजेरियाचा उचे आणि फ्रान्सचा सिनामा-पोंगोल, दोघंही वाऱ्यासारखे. चेंडू काढून घेतला की तीन पासांत गोलापाशी, ही मार्सेलिनोची पद्धत. २० डिसेंबर २००६ ला हा संघ रिअल माद्रिदच्या मैदानावर, बेर्नाबेऊवर गेला. रिअल माद्रिदचा प्रशिक्षक कापेलो, आणि त्या हंगामाची लीग शेवटी त्यांनीच जिंकली. त्या रात्री निकाल होता रिअल माद्रिद ०, रेक्रेआतिवो ३. सिनामा-पोंगोल, उचे आणि व्हिकेरा.

त्याच दिवशी, सामन्यासाठी माद्रिदला निघालेल्या पाठीराख्यांच्या एका बसला वाटेत अपघात झाला होता. चार जण गेले. क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोठा विजय आणि सर्वांत मोठं दुःख यांची तारीख एकच आहे, आणि उएल्वात त्या विजयाबद्दल बोलताना कुणी आवाज चढवत नाही.

मे २००७ मध्ये माद्रिदचा संघ उएल्वाला आला तेव्हा रेक्रेनं दोन गोलांची पिछाडी भरून काढली होती. अगदी शेवटच्या क्षणी रॉबर्टो कार्लोसनं गोल केला आणि माद्रिद ३-२ असं निसटलं. लीगचा निकाल त्या वर्षी गुणांवर बरोबरीत सुटला होता, हे लक्षात घेतलं तर त्या एका गोलाची किंमत कळते. रेक्रे आठवा आला. पुढच्या वर्षी सोळावा, त्याच्या पुढच्या वर्षी शेवटचा. २००९ मध्ये संघ खाली गेला आणि पुन्हा पहिल्या श्रेणीत आलेला नाही.

आता कायद्याकडे येतो. इथून पुढे थोडं रुक्ष आहे, पण माझा मुद्दा इथेच आहे.

१९९० मध्ये स्पेननं क्रीडा कायदा केला. तोवर क्लब म्हणजे सभासदांची संस्था होती. वर्गणी भरणारे सभासद अध्यक्ष निवडत. कर्जं मात्र बेसुमार वाढली होती आणि ती कुणाच्या डोक्यावर हे ठरत नव्हतं. कायदा म्हणाला, व्यावसायिक क्लबांनी भागधारकांच्या कंपन्या व्हायचं. ज्यांचे हिशेब बरे होते अशा चार क्लबांना सूट मिळाली: रिअल माद्रिद, बार्सिलोना, अथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना. म्हणजे पाहा, सगळ्यांत श्रीमंत दोन क्लब सभासदांचेच राहिले आणि लहान गावांचे क्लब बाजारात आले. कर्जाला मालक मिळावा हा हेतू होता. प्रत्यक्षात कितीतरी गावांत मालक आले, कर्ज वाढवून गेले आणि क्लब बुडाले. सालामांकाचा जुना क्लब २०१३ मध्ये विसर्जित झाला. लोग्रोन्येसचाही बुडाला. रेक्रे कंपनी झाला तेव्हा शेअरांचा मोठा गठ्ठा उएल्वाच्या नगरपालिकेकडे आला, म्हणजे एका अर्थानं गावाकडेच. पुढे नगरपालिकेनं तो एका खासगी कंपनीला विकला. त्यानंतरची कहाणी तुम्ही माझ्याआधी सांगू शकाल. खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थकले, करांची थकबाकी डोंगराएवढी झाली, २०१५ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला. तिथे दूरचित्रवाणीचे पैसे नसतात, त्यामुळे कर्ज फेडायचा मार्गच बंद होतो. पाठीराख्यांनी आपली संघटना बांधली, मोर्चे काढले, वर्गण्या जमवल्या. देशभरच्या इतर क्लबांचे पाठीराखेही मदतीला आले. सर्वांत जुना क्लब बुडतोय, ही बातमी कुणालाच ऐकवत नव्हती.

२०१६ मध्ये दोन गोष्टी झाल्या. आंदालुसियाच्या प्रांतिक सरकारनं रेक्रेआतिवोला सांस्कृतिक वारसा म्हणून संरक्षण दिलं. याच वर्गात तिथे राजवाडे, चर्च, जुने किल्ले येतात. आणि उएल्वाच्या नगरपालिकेनं क्लबचे शेअर सक्तीनं संपादित केले. रस्त्यासाठी, धरणासाठी जमीन घेतात तसे. आपल्याकडे भूसंपादन म्हटलं की कुणाचं तरी घर जातं. इथे घर परत आणण्यासाठी तो कायदा वापरला गेला.

वारशाच्या या निर्णयावर मी बराच विचार केला आहे, कारण त्यात एक पेच आहे. किल्ल्याचं संरक्षण म्हणजे दगड जपायचे. क्लबमध्ये जपायचं काय? वेलोद्रोमोवरचा खेळ संपून जमाना लोटला. जुनं कोलोम्बिनो गेलं. खेळाडू दरवर्षी बदलतात, मालक बदलले, श्रेणी बदलली. निळे-पांढरे पट्टे राहिले आहेत, पण जर्सी काही स्मारक होत नाही. सरकारनं वाट काढली ती अशी की वर्गवारी लोकजीवनाशी निगडित उपक्रमाची केली. म्हणजे जपलं जातंय ते एखादी वास्तू नव्हे, तर लोक पिढ्यान्‌पिढ्या करत आलेलं काम: जमणं, खेळणं, पाहायला जाणं, मुलाला घेऊन जाणं. कायद्याच्या भाषेत हे थोडं अडखळतं. न्यायाधीशाला विचारलं की वारशाचं नुकसान कशानं होतं, तर तो काय सांगणार? सलग पाच सामने हरल्यानं? तरी मला ही वर्गवारी योग्य वाटते. १८८९ मध्ये क्लब कंपनीच्या मंडळींचा होता, १९९० नंतर भागधारकांचा झाला. मधल्या काळात, कुठल्याही कागदावर न लिहिता, तो गावाचा होऊन बसला होता. २०१६ मध्ये पहिल्यांदा ती न लिहिलेली मालकी कुणीतरी लिहून काढली.

आक्षेपही आहेत, आणि ते फेकून देण्यासारखे नाहीत. सार्वजनिक पैसा फुटबॉल क्लबची कर्जं निस्तरायला का वापरायचा? ज्या गावात बेकारीचा प्रश्न कायमचा आहे, जिथल्या खाडीकाठी खत कारखान्यांच्या फॉस्फोजिप्समचे मोठमोठे ढीग दशकानुदशकं पडून आहेत, तिथे प्राधान्य कशाला? आणखी एक बोचणारी गोष्ट. याच गावातल्या स्पोर्टिंग दे उएल्वा या महिलांच्या क्लबनं २०१५ मध्ये राणीचा चषक जिंकला. पुरुषांच्या ज्येष्ठ क्लबला असा मोठा चषक कधीच मिळालेला नाही. त्या वर्षी गाव रेक्रे कसा वाचेल या काळजीत होतं, आणि या मुलींच्या वाट्याला जेवढं कौतुक यायला हवं होतं तेवढं आलं असं मला वाटत नाही. ज्येष्ठपणाचा मान घरातल्या धाकट्यांचा वाटा खातो, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

आणि वारसा झाल्यानं संघ जिंकू लागला असंही नाही. २०१९ मध्ये आपल्या गटात पहिला येऊनही बढतीच्या सामन्यांत अडखळला. मग महामारी आली, मैदानं रिकामी झाली, आणि २०२१ मध्ये, स्पेनच्या श्रेणींची फेरमांडणी होत असतानाच, वाईट हंगामामुळे रेक्रे एकदम पाचव्या श्रेणीत जाऊन पडला. राजवाड्याच्या दर्जाचा क्लब आता आजूबाजूच्या खेड्यांच्या संघांशी खेळत होता. काही मैदानांवर गोलपोस्टमागे भिंत, भिंतीमागे संत्र्यांची झाडं. त्या खेड्यांची मात्र चंगळ झाली. देकानो येणार म्हणजे वर्षातली सगळ्यांत मोठी तिकीटविक्री.

२०२२ मध्ये संघ चौथ्या श्रेणीत आला, २०२३ मध्ये तिसऱ्या. दोन वर्षांत दोन पायऱ्या चढल्यावर उएल्वात पुन्हा दुसऱ्या श्रेणीची भाषा सुरू झाली होती. २०२५ मध्ये तिसऱ्या श्रेणीतून तो परत खाली घसरला.

चौथ्या श्रेणीचं गणित सांगून थांबतो, कारण संयोजकांचा मूळ प्रश्न तोच होता. तिथे अठरा-अठरा संघांचे पाच गट असतात, म्हणजे नव्वद संघ. प्रत्येक गटातला पहिला थेट वर जातो. आणखी पाच जागा बाद फेरीच्या सामन्यांतून भरतात. प्रत्येक गटातले तळाचे पाच थेट खाली जातात. नुएवो कोलोम्बिनोएवढं स्टेडियम या नव्वदांतल्या फार थोड्यांकडे आहे, पण त्याचे गुण मिळत नाहीत. वारशाचेही नाहीत, आणि १८८९ चे तर मुळीच नाहीत.